रॅपर आणि प्रोड्युसर मिळून स्वतंत्र हिप-हॉप अल्बम काढताना : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघे, म्हणजे लातूरकडचा एक रॅपर आणि छत्रपती संभाजीनगरात राहणारा एक प्रोड्युसर, यांनी कोणत्याही कंपनीच्या आधाराशिवाय एक अल्बम काढला. तेव्हापासून परभणी, नांदेड, अंबाजोगाई, जालना अशा ठिकाणांहून जवळपास तेच प्रश्न येत असतात. प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा ते एकदा नीट लिहून ठेवावे, असे ठरवले. जे प्रश्न आम्हाला स्वतःला महाग पडले, त्यांची उत्तरे लांबली आहेत.

प्रोड्युसर म्हणजे पैसे लावणारा माणूस का?

नाही. चित्रपटातील निर्माता आणि हिप-हॉपमधील प्रोड्युसर यांचा परस्परांशी संबंध नाही. अल्बमसाठी प्रोड्युसर मिळाला असे घरी सांगितल्यावर वडिलांनी पहिल्यांदा विचारले होते, “किती देणार आहे?” त्यांची चूक नव्हती, मराठीत तो शब्द त्याच अर्थाने रुळला आहे. हिप-हॉपमध्ये बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारे ताल-संगीत, रचणारा, गाण्याची मांडणी ठरवणारा, रॅपरला “हा टेक पुन्हा घे” असे सांगणारा आणि अल्बमचा एकूण आवाज कसा असावा याची जबाबदारी घेणारा तो प्रोड्युसर. ज्याने केवळ तयार बीट पाठवून दिली तो बीटमेकर. हा भेद मानापमानाचा नाही, कामाच्या वाटपाचा आहे, आणि पुढे हिस्से ठरवताना तोच निर्णायक ठरतो.

दहा गाणी दहा जणांकडून का करून घेऊ नयेत?

घेता येतात, आणि अनेक जण घेतातही. तरीही एक रॅपर आणि एक प्रोड्युसर ही जोडी हिप-हॉपमध्ये जुनी आहे. न्यूयॉर्कच्या एरिक बी आणि राकिम यांचा पहिला अल्बम १९८७ साली आला. एकाच प्रोड्युसरबरोबर काम केल्याचा फायदा असा की तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत त्याला तुमचा श्वास कुठे तुटतो हे कळलेले असते, आणि तो तेथे ड्रम थांबवून जागा करून देतो. दहा जणांनी पाठवलेल्या बीटवर ही जागा तुम्हाला स्वतःच शोधावी लागते. तोटाही आहे : दोघांपैकी एकाचा उत्साह संपला की अल्बम तिथेच थांबतो.

अल्बममध्ये गाणी किती असावीत?

स्पॉटिफायसारख्या ध्वनिप्रवाह (स्ट्रीमिंग) सेवा साधारणपणे तीन गाण्यांपर्यंतच्या संग्रहाला सिंगल, चार ते सहा गाण्यांच्या आणि तीस मिनिटांहून कमी लांबीच्या संग्रहाला ईपी, आणि त्याहून मोठ्या संग्रहाला अल्बम मानतात. आमचे मत विचाराल तर अकरा केलेल्यांतील तीन काढून टाकता येतील इतकी गाणी करावीत.

बीटचा वेग किती ठेवावा आणि सोळा बार म्हणजे नेमके किती?

एका बारमध्ये चार ठोके असतात. मिनिटाला ९० ठोक्यांच्या वेगाने सोळा बारचा व्हर्स, म्हणजे कडवे, सुमारे ४३ सेकंदांचा होतो, तर १४० च्या वेगाने तोच सुमारे २७ सेकंदांत संपतो. जुन्या धाटणीच्या बूम-बॅप बीट बहुधा ८५ ते ९५ च्या दरम्यान असतात. ट्रॅप या अलीकडच्या शैलीतील बीट १४० च्या आसपास लिहिली जाते, मात्र स्नेअर ड्रमचा ठोका निम्म्या गतीने पडत असल्याने कानाला ती ७० सारखी वाटते. नवशिक्या रॅपरने वहीत लिहिलेले शब्द आधी ठोक्यावर म्हणून पाहावेत आणि मगच बीट निवडावी. बीट आवडली म्हणून जोडाक्षरांनी भरलेल्या ओळी तिच्यात कोंबण्यात आमचे पहिले सहा महिने गेले.

प्रमाण मराठीत लिहावे की गावाकडच्या बोलीत?

ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत. लातूर-नांदेडकडचा मुलगा घरी “मी जायलो” म्हणतो आणि माइकसमोर उभा राहिला की “मी जातोय” म्हणू लागतो. त्याच क्षणी त्याचा आवाज अर्धा होतो. बोलीचा आणखी एक उपयोग तांत्रिक आहे. “काय करतो आहेस” आणि “काय करायलास” या दोन रूपांचे वजन वेगळे असल्याने एकच आशय दोन वेगळ्या लयींत बसवता येतो, आणि ही सोय पुण्याच्या रॅपरला नाही.

संभाजीनगरच्या जुन्या वस्त्यांत वाढलेल्या मुलांच्या तोंडी दखनी असते. ती शुद्ध नाही म्हणून टाळावी असे कोणी सांगितले, तर त्याला वली आणि सिराज औरंगाबादी या कवींची आठवण करून द्यावी. या शहराला दखनी-उर्दू काव्याची परंपरा तीनशे वर्षांची आहे. मात्र मराठी ओळीत दखनी शब्द केवळ रुबाबासाठी घातला की तो लगेच उघडा पडतो.

माझी सगळी यमके सारखीच का वाटतात?

हा प्रश्न विचारणारे कमी आहेत, पण विचारायला हवा असे बहुतेकांच्या गाण्यांवरून दिसते. मराठी वाक्य स्वभावतः क्रियापदाने संपते. त्यामुळे ओळ जशी सुचली तशी लिहिली, तर शेवटी होता-गेला-केला-आला किंवा आहे-पाहे-राहे यांचीच रांग लागते, आणि श्रोत्याला चौथ्या ओळीपासून पुढचे यमक आधीच कळते. “बापानं कोयता उचलला, गाडीत संसार भरला” ही ओळ चुकीची नाही, पण तिच्यातील यमक व्याकरणाने फुकट दिलेले आहे. तीच ओळ “उचलला कोयता बापानं, भरला संसार, कारखान्याच्या वाटेनं निघाला अख्खा शेजार” अशी फिरवली की यमक नामावर येते आणि दोन चित्रे एकमेकांना टेकतात.

यापुढची पायरी म्हणजे शेवटच्या एका अक्षराऐवजी तीन-चार अक्षरांचे स्वर जुळवणे. “कारखाने” आणि “चार आणे” यांतील स्वरांचा क्रम एकच आहे. अशा जोड्या वहीच्या मागच्या पानावर गोळा करत राहाव्यात. अभंगाचे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरणही एकदा मोजून पाहावेत, कारण शेवटचा आखूड चरण जे काम करतो तेच काम रॅपमध्ये बारच्या शेवटी सोडलेली शांतता करते. गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग या दृष्टीने मोठ्याने वाचण्याचा आम्हाला उपयोग झाला.

रॅप हा प्रकार आपला नाही, अशी टीका होते. त्यावर काय सांगावे?

खरे ते सांगावे. हिप-हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क यांनी तेथे वाजवलेली पार्टी ही त्याची सुरुवात मानली जाते. तो गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिन वस्त्यांतील मुलांनी घडवला, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. “भारूड म्हणजे आपला रॅपच” हे विधान टाळ्यांसाठी ठीक आहे, परंतु ते भारुडावर आणि रॅपवर सारखाच अन्याय करते. पैठणच्या एकनाथांचे भारूड दुसऱ्याचे सोंग घेऊन बोलते, तर रॅपर बहुधा स्वतःच्या नावाने बोलतो. सोंग घेऊन बोलण्याची ती युक्ती मात्र जरूर उचलावी. आमच्या अल्बममधील एक गाणे साखर कारखान्याच्या मुकादमाच्या तोंडून येते, आणि त्याला जितक्या प्रतिक्रिया आल्या तितक्या “मी असा, मी तसा” म्हणणाऱ्या गाण्यांना आल्या नाहीत.

दुष्काळावर एक गाणे असलेच पाहिजे का?

नाही. मराठवाडा म्हटले की भेगाळलेली जमीन, ही बाहेरच्या माणसाची सवय आहे. लिहायचेच असेल तर नेमके लिहावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या वर्षी टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला जे दिसले ते “धरती रडते” यापेक्षा निश्चितच वेगळे असणार. शिवाय वाळूजच्या कंपनीतील तिसरी पाळी, लातूरच्या शिकवणी वर्गांभोवती उगवलेल्या खोल्या, किल्लारीच्या भूकंपानंतर जन्मलेल्या पिढीला मिळालेले पत्ते, आणि १४ जानेवारी १९९४ च्या विद्यापीठ नामविस्ताराच्या घरात ऐकलेल्या आठवणी हेही याच प्रदेशाचे विषय आहेत.

संबळ किंवा हलगी वापरायची आहे. तयार नमुने घ्यावेत की वादक बोलवावा?

शक्य असेल तर वादक बोलवावा. चामड्याची हलगी शेकून ताणलेली असते आणि थंड होत गेली की तिचा स्वर उतरतो. दोन टेकमध्ये अर्ध्या तासाचे अंतर गेले तर ते तुकडे एकमेकांना जुळत नाहीत. म्हणून शेकण्याची सोय असलेल्या अंगणात किंवा गच्चीवर, एका बैठकीत ध्वनिमुद्रण उरकावे. संबळाचा काठीखालचा आघात जवळच्या माइकला फाडून टाकतो, त्यामुळे माइक हातभर मागे घ्यावा आणि पातळी बरीच खाली ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोंधळी वादकाच्या कानात मेट्रोनोम कोंबू नये. त्याची लय पुढे-मागे होते आणि गाण्यातील जीव तिथेच असतो. संगणकावरील पट्टीच त्याच्या वादनाप्रमाणे ओढून घ्यावी, आणि हे काम कंटाळवाणे असले तरी प्रोड्युसरने करावे. वादकाला मानधन त्याच दिवशी द्यावे आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत लिहावे. “गावाकडचे पारंपरिक वादन” असे लिहून माणूस गाळणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

इंटरनेटवर “फ्री” लिहिलेली बीट वापरली तर चालेल का?

बहुतेक वेळा चालत नाही. “फ्री” याचा अर्थ सहसा “पैसे न कमावता वापरा” एवढाच असतो. पैसे भरून घेतलेला साधा परवाना देखील एकमेव नसतो. तीच बीट आणखी दोनशे जणांना विकलेली असू शकते, आणि त्यांतील एकाने आपले गाणे स्वयंचलित ओळख प्रणालीत नोंदवले की तुमच्या गाण्यावर दावा येतो. आमच्या पहिल्या सिंगलवर असाच दावा आला. उत्पन्न अर्थातच नगण्य होते, परंतु स्वतःच्या आवाजातील गाणे स्वतःचे आहे हे सिद्ध करता करता अडीच महिने गेले. परवान्याचा मजकूर, पावती आणि तारीख यांची प्रत जपून ठेवावी.

जुन्या लोकगीताचा किंवा भीमगीताचा तुकडा घेता येईल का?

येथे तीन वेगळे हक्क आहेत आणि लोक ते एकत्र करतात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार गीताचे शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी स्वतंत्र कृती. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजून, ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे टिकतो. जनाबाईंचा अभंग कोणीही वापरू शकतो, पण एखाद्या गायिकेने गायिलेल्या त्याच अभंगाची अलीकडची ध्वनिफीत कापून घेता येत नाही. भीमगीते लिहिणारे वामनदादा कर्डक यांचे निधन २००४ साली झाले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहे. ती गाणी जयंतीला गल्लोगल्ली वाजतात म्हणून ती निनावी ठरत नाहीत.

“सात सेकंदांपर्यंत चालते” हा नियम कायद्यात कुठेही नाही. परवानगी मिळत नसेल तर त्या तुकड्याची नक्कल न करता त्याच भावनेची नवी ओळ रचून वादकाकडून वाजवून घ्यावी. आमच्या शीर्षकगीताची धून अशीच परवानगी न मिळाल्यामुळे जन्मली.

दोघांत हिस्सा कसा ठरवावा, आणि लेखी करण्याची खरेच गरज आहे का?

गरज आहे, आणि ती पहिल्या गाण्याच्या आधी आहे. आम्ही सातव्या गाण्यानंतर हा विषय काढला आणि दोन महिने एकमेकांशी बोललो नाही. भांडण लोभाचे नव्हते. एका गाण्याचा हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, प्रोड्युसरने गुणगुणला होता आणि रॅपरने त्यावर शब्द बसवले होते; तो हुक कोणाचा, हे दोघांनाही प्रामाणिकपणे वेगवेगळे आठवत होते.

आता आम्ही प्रत्येक गाण्यासाठी एक पान करतो. त्यावर शब्द कोणाचे, चाल आणि बीट कोणाची, आणि तयार ध्वनिमुद्रणाच्या मालकीत कोणाचे किती टक्के, हे तीन रकाने असतात आणि खाली दोघांची सही व तारीख असते. शब्द रॅपरचे, संगीत प्रोड्युसरचे आणि ध्वनिमुद्रण निम्मे-निम्मे ही वाटणी बहुतेक जोड्यांना मानवते. याखेरीज खर्च आधी कोणाचा वळता होणार, डिस्ट्रिब्युटरचे (गाणी ध्वनिप्रवाह सेवांवर पोहोचवणाऱ्याचे) खाते कोणाच्या मोबाइल क्रमांकावर आहे, बीट पुन्हा दुसऱ्याला देता येईल का, आणि जोडी फुटली तर नाव कोण वापरणार, हेही लिहावे. पासवर्डचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण खाते ज्याच्या हातात, अल्बम त्याच्या हातात.

कायद्यातील काही तरतुदी दोघांनीही लक्षात ठेवाव्यात. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सही केलेले असल्याशिवाय वैध होत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटाबाहेरील गाण्याचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी हक्क दिला, तरी त्या गाण्याच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीत समान वाटा मागण्याचा गीतकार-संगीतकाराचा अधिकार जात नाही. कोणी “सर्व हक्क कायमचे” असा कागद पुढे केला, तर तो घरी नेऊन वकिलाला दाखवावा. मित्राच्या मित्राला नव्हे.

मी सतरा वर्षांचा आहे. करार करता येईल का?

अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी केलेला करार कायद्याने टिकत नाही. आई-वडिलांना विश्वासात घेऊन वकिलाच्या सल्ल्याने पालकामार्फत व्यवहार करावा, किंवा तोवर नुसते लिहावे.

स्टुडिओ परवडत नाही. घरी ध्वनिमुद्रण होते का?

होते. आमच्या अल्बममधील दोन गाणी वगळता सर्व आवाज घरीच मुद्रित केलेले आहेत. महागड्या माइकपेक्षा खोली महत्त्वाची. पत्र्याचे छत असेल तर त्या खोलीचा विचार सोडावा. उन्हात तापलेला पत्रा संध्याकाळी निवताना तडतडतो आणि तो आवाज काढता येत नाही. भिंतीलगत गोधड्या टांगाव्यात, कपड्यांनी भरलेले कपाट उघडून पाठीशी घ्यावे, आणि माइकपासून वीतभर अंतर ठेवावे. मे महिन्यात कूलर बंद करून गाणे ही शिक्षा आहे, म्हणून रात्री दोन ते पाच ही वेळ उत्तम. तेव्हा कुत्री भुंकतात, परंतु दोन ओळींच्या मध्येच भुंकली तर कापता येतात. वीज जाण्याची सवय असल्यामुळे प्रत्येक टेकनंतर फाइल जतन करण्याची सवय आपोआप लागते.

मुद्रण २४ बिटमध्ये करावे आणि सर्वांत मोठा आवाजही उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. दोघे वेगळ्या शहरांत असतील तर प्रत्येक फाइल पहिल्या बारपासून सुरू होणारी आणि डब्ल्यूएव्ही स्वरूपातच पाठवावी. व्हॉट्सअॅपवरची व्हॉइस नोट ही कल्पना कळवण्यासाठी असते, मिक्सिंगसाठी, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्यासाठी, नाही.

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, करताना आवाज शक्य तितका मोठा करावा का?

नको. मोठ्या सेवा वाजवताना सर्व गाण्यांची पातळी सारखी करतात. स्पॉटिफायचे प्रमाण साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) आहे. दाबून मोठे केलेले गाणे तिथे खाली ओढले जाते आणि फक्त चेपलेले राहते. तयार गाणे एकदा काळी-पिवळीच्या स्पीकरवर ऐकावे. शब्द कळले तर मिक्स झाला.

गाणी सर्व सेवांवर कशी जातात आणि पैसे किती मिळतात?

डिस्ट्रिब्युटरमार्फत जातात. तो प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा चिन्हांचा ओळख क्रमांक देतो. गाणे सिंगल म्हणून आधी आले असेल तर अल्बममध्ये तोच क्रमांक द्यावा, अन्यथा आधीची ऐकणी वेगळी पडतात. प्रकाशनाची तारीख किमान तीन-चार आठवडे पुढची घ्यावी, कारण स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे तर ते किमान सात दिवस आधी द्यावे लागते.

पैशांबाबत आशा माफक ठेवावी. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्यावरच एक ऐकणी मोजली जाते, आणि २०२४ पासून मागील बारा महिन्यांत एक हजार ऐकण्या न झालेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. प्रत्येक ऐकणीचा ठरलेला दर नसतो. जमा झालेल्या रकमेतून वाटा मिळतो. याशिवाय गीतकार आणि संगीतकार म्हणून दोघांनीही आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या संस्थेचे सदस्यत्व स्वतंत्रपणे घ्यावे, कारण गाणे प्रसारित झाले किंवा सार्वजनिक ठिकाणी वाजले तर त्याचे शब्द-संगीताचे मानधन डिस्ट्रिब्युटरकडून येत नाही.

मराठवाड्यात कार्यक्रम मिळतात का?

मिळतात, पण ते “हिप-हॉपचा कार्यक्रम” या नावाने मिळत नाहीत. महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, जयंतीचे मंच आणि गणेशोत्सव येथे सुरुवात होते. आधीच्या शाहिराने रंगवलेल्या मंचावर उभे राहणे अवघड असते. तेथे पहिल्या दोन ओळी बीटशिवाय म्हणाव्यात, लोक शब्दांसाठी बसलेले असतात. पेन ड्राइव्हमध्ये रॅपचा आवाज वगळलेले ट्रॅक न्यावेत आणि तोच संच फोनमध्येही ठेवावा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी असते आणि सूट ठरावीक दिवसांपुरतीच मिळते, म्हणून आयोजकाने तुमची वेळ पावणेदहाची दिली तर ती स्वीकारू नये. आम्ही स्वीकारली होती. दीड गाणे झाले.

गाण्यात शिव्या असल्या तर?

डिस्ट्रिब्युटरच्या अर्जात तसे चिन्हांकित करावे आणि मंचासाठी वेगळी आवृत्ती तयार ठेवावी. आईवरून असलेली शिवी काढल्याने एकही ओळ बिघडली नाही, असा आमचा अनुभव आहे.

प्रकाशनानंतर श्रेयनामावलीत नाव चुकल्याचे लक्षात आले तर?

नाव, श्रेय आणि मुखपृष्ठ डिस्ट्रिब्युटरमार्फत दुरुस्त होते. त्याला काही दिवस लागतात. ध्वनिमुद्रणच बदलायचे असेल तर बहुधा नवा क्रमांक घेऊन गाणे पुन्हा चढवावे लागते. आमच्या अल्बममध्ये हलगीवादकाचे आडनाव एका मात्रेने चुकले होते. त्यांनी स्वतः काही म्हटले नाही. त्यांच्या नातीने फोन करून सांगितले, आणि ते नवव्या दिवशी दुरुस्त झाले.